'एनीड'च्या ओळी सोडवायची पद्धत आली कुठून?

आज कुणी लॅटिन शिकायला घेतलं आणि रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनीड' या महाकाव्यापर्यंत पोचलं की कामं ठरलेली असतात, आधी ओळीचे लघु-गुरू लावून सहा गण पाडायचे, मग एकेका शब्दाची विभक्ती, काळ, वचन सांगायचं आणि मग अलंकार ओळखायचे, ज्यांची नावं जवळपास सगळी ग्रीक. लोकांना वाटतं ही परीक्षावाल्यांनी काढलेली कटकट आहे, पण हे सगळं खुद्द रोमन शाळांमधूनच आलंय.

आणि त्याची सुरुवात झाली एका मोडलेल्या पायापासून! इ.स.पू. 168 च्या आसपास क्रेटीज नावाचा ग्रीक पंडित पर्गॅमम या ग्रीक राज्याचा दूत म्हणून रोमला आला, पॅलाटाइन टेकडीवर गटाराच्या उघड्या तोंडात पडला आणि पाय मोडून घेतला. मग बरा होईपर्यंत व्याख्यानं देत राहिला. रोमन लेखक सुएटोनिअस म्हणतो की रोममधे व्याकरणाच्या अभ्यासाचं बी तिथे पडलं. रोमन लोकांनी लगेच आपल्या कवींवर तसंच काम सुरू केलं, नेव्हिअस या जुन्या कवीचं प्युनिक युद्धावरचं (रोम विरुद्ध कार्थेज) महाकाव्य सलग लिहिलेलं होतं, त्याचे लॅम्पाडिओ नावाच्या पंडिताने 7 भाग केले.

व्हर्जिल इ.स.पू. 19 मधे गेला तेव्हा 'एनीड'वर शेवटचा हात फिरायचा राहिला होता, तरी 12 सर्ग आणि जवळपास 9,900 ओळींचं हे काव्य थोड्याच काळात शाळेत जाऊन बसलं. चौथ्या शतकात डोनाटस नावाच्या रोमन शिक्षकाने व्याकरण लिहिलं, त्याच्या शेवटच्या भागात भाषेचे दोष आणि अलंकार एकत्र, आणि उदाहरणं बरीचशी व्हर्जिलची. त्यानंतर सर्व्हिअसने अख्ख्या काव्यावर टीका लिहिली, आपल्याकडे मल्लिनाथ कालिदासावर जसं शब्दाशब्दाला थांबतो तसंच. पण मला सगळ्यात आवडतो तो प्रिस्किअन. इ.स. 500 च्या आसपास तो कॉन्स्टँटिनोपलला शिकवायचा, त्याने बाराही सर्गांची फक्त पहिली ओळ घेतली आणि प्रश्नोत्तरांचं पुस्तक केलं. पहिल्या ओळीत शब्द किती? नऊ. नामं किती? सहा. क्रियापद? एक. म्हणजे त्या वर्गात बसून मुलं काय ऐकत होती ते आज जसंच्या तसं वाचता येतं, आणि एका ओळीवर प्रिस्किअन अक्षरशः पानंच्या पानं बोलतो.

यात व्याकरण आणि अलंकार वेगळे का नाही केले, तर लॅटिनमधे ते वेगळे होतच नाहीत. शब्दाचं नातं प्रत्ययाने कळतं, त्यामुळे कवी शब्द कुठेही ठेवू शकतो. 'एनीड'च्या चौथ्या सर्गात वादळात कार्थेजची राणी डायडो आणि काव्याचा नायक एनिअस एकाच गुहेत शिरतात, ती ओळ आहे 'स्पेलुंकाम डीडो डुक्स एत ट्रोयानुस एआन्देम'. 'गुहा' ओळीच्या सुरुवातीला आणि तिचं विशेषण 'त्याच' पार शेवटी, आणि ती दोघं ('डुक्स ट्रोयानुस' म्हणजे ट्रोजन नेता, एनिअस) मधे, म्हणजे ओळीतसुद्धा गुहेच्या आतच! विभक्ती न ओळखता हे दिसणारच नाही, म्हणून मला तरी नुसती अलंकारांची यादी पाठ करून घेणं चुकीचं वाटतं.

पुढे आठव्या शतकात इंग्लंडमधे बीड नावाच्या ख्रिस्ती मठवासी पंडिताने अलंकारांची यादी डोनाटसचीच ठेवली, पण उदाहरणं बायबलमधली घातली. 1599 च्या जेझुइट (एक कॅथलिक धर्मसंघ) अभ्यासक्रमात व्हर्जिल परत ठळकपणे आला. या लोकांचं सेंट पॉल कॉलेज जुन्या गोव्यातही होतं आणि तिथे लॅटिन शिकवलं जायचं. पण त्या अभ्यासक्रमात मानव्यविद्येच्या वर्गासाठी 'एनीड'चा चौथा सर्ग वगळायला सांगितलंय, कारण डायडोचं प्रेम मुलांना नको. म्हणजे वर सांगितलेली ओळच गेली! आता अमेरिकेतल्या एपी लॅटिनच्या (शाळेतच घेतला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) वाचनात ती आहे आणि मुलं तिथे हायपरबेटॉन, म्हणजे एकत्र असायचे शब्द लांब ठेवणं, म्हणून खूण करतात.