सव्हानाचे चौक आणि गाड्यांची चाकं

अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या सव्हानाला आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन निघालात की भेटेल तो माणूस एकच सांगतो: गाडी गावाबाहेर लावा आणि पायी हिंडा. अटलांटाहून निघताना आम्हालाही सांगितलं होतं. दोन कुटुंबं, भाड्याची तीस फुटी गाडी, थँक्सगिव्हिंगची सुट्टी. ‘बघू तरी’ म्हणत आम्ही जुन्या गावात शिरलो आणि दुसऱ्याच चौकाशी अडकलो. सरळ चाललेला रस्ता मध्येच थांबतो, समोर झाडांनी भरलेली चौकोनी बाग उभी राहते आणि तिला उजव्या हाताने वळसा घालावा लागतो. कोपऱ्यावर ओकच्या फांद्या इतक्या खाली आलेल्या की जीव छतावरच्या एसीत अडकलेला. मागे गाड्यांची रांग, तिच्यात पर्यटकांची एक घोडागाडी. मित्र खाली उतरला आणि ‘येऊ दे, येऊ दे, बस’ करत त्याने आम्हाला बाहेर काढलं. त्याची बायको म्हणाली, “हे गाव गाड्यांसाठी बांधलेलंच नाही.” अगदी खरं. मात्र गाड्यांसाठी ते एकदा मोडायला काढलं होतं, आणि गाडी बाहेर ठेवा या सल्ल्याची मुळं तिथे आहेत.

ब्रिटिश पार्लमेंटचा सदस्य जेम्स ओगलथॉर्प १२ फेब्रुवारी १७३३ रोजी ११४ च्या आसपास माणसं घेऊन सव्हाना नदीकाठच्या उंच कड्यावर उतरला. तिथे यामाक्रॉ या मूळ रहिवाशांची वस्ती होती, त्यांचा प्रमुख टोमोचीची. बोलणी झाली ती मेरी मस्ग्रोव्हमुळे; तिची आई इथल्या मूळच्या क्रीक जमातीची, बाप इंग्रज, त्यामुळे दोन्ही भाषा तिच्या घरच्या. ओगलथॉर्पने गावाचा आराखडा आखला तो असा: मध्ये मोकळा चौक, त्याच्या उत्तर-दक्षिणेला घरांसाठी ४० प्लॉट, प्रत्येकी ६० बाय ९० फूट, आणि पूर्व-पश्चिमेला चर्च, गोदाम वगैरे सार्वजनिक कामांसाठी राखलेली जागा. एवढा एक वॉर्ड. गाव वाढलं की शेजारी तसाच दुसरा मांडायचा. मोठे रस्ते ७५ फुटी, धाकटे साडेसदतीस फुटी, मागच्या गल्ल्या साडेबावीस फुटी. सुरुवातीला असे चार चौक होते, १८५१ पर्यंत २४ झाले.

‘चौक’ म्हटलं की आपल्याला सिग्नल आणि चार रस्ते आठवतात. इथला चौक त्यातला नाही. तो वाड्यातल्या चौकाचा भाऊबंद: आत मोकळी जागा, भोवती घरं. पायी चालणाऱ्याला मिनिटा-दोन मिनिटांत सावली मिळते, आणि चाकांवरच्याला तितक्याच वेळा वेग कमी करावा लागतो.

नव्या वसाहतीत गुलाम ठेवायला बंदी होती. १७३५ पासून तसा कायदाच होता. यात भूतदया किती आणि हिशेब किती, हा प्रश्नच आहे. दक्षिणेला स्पॅनिश फ्लोरिडा होतं, तिथे पळून जाणाऱ्या गुलामांना आसरा मिळे, आणि जॉर्जिया वसवलं होतं ते मुळात त्या सरहद्दीवरचं कुंपण म्हणून. शेजारच्या कॅरोलायनातल्या भातशेतीचा पैसा बघून वसाहतवाल्यांनी बंदीविरुद्ध ओरड सुरू केली आणि १७५१ मध्ये ती उठली. पुढचं देखणं सव्हाना त्यानंतरचं आहे. आज पर्यटक ज्या करड्या विटांसमोर फोटो काढतात, त्यातल्या कित्येक नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर गुलामांनी पाडलेल्या.

कापसाच्या पैशाबरोबर रेल्वे आली. सेंट्रल ऑफ जॉर्जिया रेल्वेचा पहिला अध्यक्ष विल्यम गॉर्डन. टोमोचीचीला १७३९ मध्ये गावाने सन्मानाने आजच्या राइट चौकात पुरलं होतं. १८८३ मध्ये त्याच चौकाच्या मधोमध गॉर्डनचं स्मारक उभं राहिलं आणि टोमोचीचीच्या थडग्याची खूण पुसली गेली. १८९९ मध्ये चौकाच्या एका कोपऱ्यात त्याच्या नावाची एक ग्रॅनाइटची शिळा बसवली. ती बसवण्यात पुढाकार घेतला गॉर्डनच्या सुनेने. जाऊन बघा, मधला उंच स्तंभ रेल्वेवाल्याचा, बाजूचा दगड ज्याच्या जमिनीवर गाव वसलं त्याचा.

यादवी युद्धात उत्तरेचा जनरल शर्मन अटलांटा जाळून समुद्राकडे आला, पण डिसेंबर १८६४ मध्ये महापौराने स्वतःहून शहर हवाली केलं आणि ते वाचलं. लिंकनला ‘नाताळची भेट’ म्हणून सव्हाना देणारी शर्मनची तार सगळ्या गाइडना पाठ असते. त्यापुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. मॅडिसन चौकातल्या ज्या घरात त्याचा मुक्काम होता, तिथे १२ जानेवारी १८६५ रोजी २० कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून तुम्हाला काय हवं असं विचारलं गेलं. त्यांचे प्रवक्ते गॅरिसन फ्रेझर यांनी जमीन मागितली. चारच दिवसांत मुक्त झालेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देणारा हुकूम निघाला. त्याच वर्षी अध्यक्ष अँड्रू जॉन्सन यांनी तो फिरवला.

शर्मनच्या हातून वाचलेलं शहर मोडायला मोटारी लागल्या. सुरुवात कौतुकाने झाली. १९०८ मध्ये अमेरिकेची पहिली ग्रां प्री शर्यत सव्हानात झाली, गावाबाहेरच्या सुमारे २५ मैलांच्या मार्गावर. तो मार्ग तयार करायला कैदी राबवले होते. जिंकला फियाट चालवणारा फ्रेंच लुई वॅग्नर. मग मोटार सामान्यांच्या हाती आली आणि उत्तरेकडची मंडळी थंडीत तंबू, पत्र्याचे डबे आणि स्टोव्ह बांधून फ्लोरिडाला निघू लागली. १९१९ मध्ये टँपाला या मोटारवाल्यांनी आपली संघटना काढली, नाव ‘टिन कॅन टूरिस्ट्स’. आजच्या आरव्हीवाल्यांचे हे पूर्वज. त्यांच्या वाटेवर सव्हाना होतं, आणि गर्दीला वाट करून द्यायला १९३५ मध्ये हायवे १७ माँटगोमेरी रस्त्यावरच्या तीन चौकांतून थेट आरपार काढला. लिबर्टी आणि एल्बर्ट कायमचे गेले. फ्रँकलिन पुढे दुरुस्त झाला.

फ्रँकलिन चौकाच्या कडेला फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च आहे. १८५९ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत गुलामांनी दिवसभराचं काम उरकल्यावर रात्री बांधली. तळघरातल्या लाकडी जमिनीला नक्षीत पाडलेली भोकं आहेत. खाली लपलेल्या पळपुट्या गुलामांना हवा मिळावी म्हणून ती होती, असं चर्चमध्ये सांगतात. मी बोट लावून पाहिलं, जेमतेम करंगळी जाईल एवढीच. अशा चर्चच्या दारातून हायवे नेताना कुणाला काही वाटलं नसेल का? १९६३ मध्ये जुनं युनियन स्टेशन पाडून इंटरस्टेट १६ हा महामार्ग गावात घुसवला, तेव्हाही तोडफोड झाली ती पश्चिमेकडच्या कृष्णवर्णीयांच्या बाजारपेठेत. त्या बाजारपेठेच्या रस्त्याला आता मार्टिन ल्यूथर किंग यांचं नाव आहे.

पण गाव जागं झालं ते दुसऱ्या एका पाडापाडीमुळे. एलिस चौकात जुनी मंडई होती, सिटी मार्केट. १९५४ मध्ये ती जमीनदोस्त करून तिथे पार्किंगची बहुमजली इमारत बांधली. त्या सुमारास जुन्या घरांपेक्षा त्यांच्या करड्या विटांना जास्त भाव होता. घर घ्यायचं, पाडायचं, विटा विकायच्या. १८२० मध्ये बांधलेलं डेव्हनपोर्ट हाऊस पाडून तिथेही पार्किंगच करायचं घाटत होतं. १९५५ मध्ये सात बायका एकत्र आल्या, त्यांनी २२,५०० डॉलर जमवून ते घर विकत घेतलं आणि हिस्टॉरिक सव्हाना फाउंडेशन स्थापन केलं. पुढे फाउंडेशनने एक साधी युक्ती लढवली: धोक्यातलं घर घ्यायचं, ‘पाडणार नाही’ अशा अटीवर दुसऱ्याला विकायचं, आलेल्या पैशात पुढचं घर. भिशी फिरावी तसा पैसा फिरत राहिला. १९६६ मध्ये जुन्या गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला. योगायोग असा, की त्याच वर्षी आयोवात विनेबागो कंपनीचं पहिलं मोटारहोम कारखान्यातून बाहेर पडलं.

फ्लोरिडाची वर्दळ नंतर इंटरस्टेट ९५ ने गावाच्या पश्चिमेकडून बाहेरच्या बाहेर नेली. म्हणून आज आरव्हीवाल्याचा मुक्काम पडतो तो स्किडअवे बेटावरच्या स्टेट पार्कात, नाहीतर पूर्वेला टायबी बेटावर. टायबीला समुद्र जवळ, पण तिथे जायला एकच रस्ता आणि मोठ्या भरतीला त्यावर पाणी येतं. आम्ही स्किडअवेला हुकअप (गाडीला वीज-पाण्याची जोडणी) लावला. खाऱ्या दलदलीचा वास, ओकवरून लोंबणारं स्पॅनिश मॉस (हे स्पॅनिशही नाही आणि मॉसही नाही, अननसाच्या कुळातलं झाड आहे), आणि संध्याकाळी मच्छर. आरव्ही तिथेच ठेवून सकाळी टॅक्सीने व्हिजिटर सेंटरला गेलो. ते गॉर्डनच्याच रेल्वेच्या जुन्या स्टेशनात आहे.

तिथून दिवसभर चाललो. नावं अजूनही बदलतायत: गुलामगिरीचा कैवारी उपाध्यक्ष कॅल्हून याच्या नावाचा चौक २०२३ पासून टेलर चौक झाला. सुझी किंग टेलर जन्माने गुलाम, पुढे युद्धात परिचारिका आणि शिक्षिका.

शेवटी एलिस चौकात येऊन बसलो. पार्किंगच्या इमारतीचा पन्नास वर्षांचा करार संपल्यावर शहराने ती पाडली आणि २०१० मध्ये चौक पुन्हा खुला केला. जमिनीतून उडणाऱ्या कारंज्यांत पोरं भिजत होती. गाड्या आहेतच, पण बाकांच्या खाली, तळघरातल्या पार्किंगमध्ये. मित्राने उत्सुकतेने जाऊन प्रवेशावरची उंचीची पाटी वाचली आणि परत येऊन म्हणाला, “आपली काही मावत नाही.”