इंटरॅक्टिव्ह ड्रामा गेम

व्हिडिओ गेमचा असा प्रकार ज्यात स्कोअर, लेव्हल वगैरे बाजूला राहतं आणि गोष्ट पुढे नेणं हेच खेळणं असतं. 'परस्परसंवादी नाट्य' असा प्रतिशब्द करता येईल, पण कोथरूड-कर्वेनगरच्या पोरांच्या तोंडी तो बसणं अवघड आहे, तिथे सरळ 'स्टोरी गेम' चालतं.

उगम : सुरुवात कुठून धरायची यावर भरपूर घोळ आहे. काहीजण १९८३ च्या 'ड्रॅगन्स लेअर'पासून धरतात, लेझरडिस्कवरचं (सीडीसारख्या मोठ्या व्हिडिओ-तबकडीवरचं) कार्टून, बटण वेळेत दाबलं तर पुढचा तुकडा नाहीतर मेलात. पण त्यात निवड अशी नाहीच, नुसतं चूक की बरोबर, त्यामुळे तो दावा जरा ताणलेला वाटतो. त्याहून मागे गेलं तर १९६७ च्या मॉन्ट्रियल एक्स्पोमधला (जागतिक प्रदर्शनातला) चेकोस्लोव्हाकियाचा 'किनोऑटोमॅट' सापडतो. हा गेम नाही, सिनेमा, पण १२७ खुर्च्या आणि प्रत्येकीला लाल-हिरवं बटण, पुढे काय व्हावं ते प्रेक्षक मत देऊन ठरवणार. गंमत म्हणजे काहीही निवडा, दोन्ही वाटा फिरून त्याच सीनवर यायच्या, आणि आजचे बहुतेक गेम आतून हीच युक्ती वापरतात, म्हणून पूर्वज म्हणायचाच तर हा जास्त जवळचा. अभ्यासक मंडळी अमेरिकन संशोधक ब्रेंडा लॉरेल यांच्या १९८६ च्या प्रबंधाकडे बोट दाखवतात, त्यात अ‍ॅरिस्टॉटलचं नाट्यशास्त्र कॉम्प्युटरला लावायचा विचार आहे. २००५ मध्ये मात्र दोन रस्ते स्पष्ट फुटलेले दिसतात : 'फसाड'मध्ये भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या घरी जाऊन मनाला येईल ते टाइप करायचं, आणि पॅरिसच्या क्वांटिक ड्रीमच्या 'फॅरनहाइट'मध्ये सिनेमासारखे सीन आणि मोजके पर्याय. बाजारात दुसराच चालला.

गुण-दोष : 'हेवी रेन' (२०१०, प्लेस्टेशन ३) हे ठरलेलं उदाहरण. चार पात्रं आळीपाळीने खेळायची, एखादं मेलं तरी गोष्ट थांबत नाही. सुरुवातीला दाढी करणं, ज्यूसचा डबा हलवणं असलं सगळं हाताने करायला लागतं आणि जाम कंटाळा येतो, पण पुढे चौघांतल्या बापाला आपल्या मुलाला वाचवायला त्याच हाताने स्वतःच्या बोटाचं पेर कापायचं असतं, पाच मिनिटांत, हत्यार खोलीतून आपणच शोधायचं, तेव्हा बटणावरचा अंगठा खरंच अडतो. या प्रकाराची ताकद गोष्टीला किती फाटे फुटतात त्यात नाही, या अडण्यात आहे.

दोष पण तिथेच. मॉलमध्ये मुलगा हरवतो तेव्हा एक बटण दाबलं की बाप 'जेसन' म्हणून हाक मारतो, दाबत राहिलं की मारतच राहतो, रडायच्या जागी लोक हसले आणि त्याचा मीम झाला. अमेरिकन पात्रांच्या तोंडी मधूनच परके उच्चार येतात. बाप शुद्ध हरपून हातात ओरिगामी (कागदाच्या घड्यांची आकृती) घेऊन जागा का होतो याचं धड उत्तर शेवटपर्यंत मिळत नाही. दुसऱ्यांदा खेळलं की शिवण दिसते, कुठली निवड खरी आणि कुठली नुसती दाखवायला ते कळतं. 'द वॉकिंग डेड'मध्ये (२०१२) 'हे तो लक्षात ठेवेल' अशी पाटी येते, पुष्कळदा तेवढ्यावरच भागतं. 'डेट्रॉइट'ने (२०१८) प्रत्येक प्रकरणानंतर फाट्यांचा नकाशाच समोर ठेवला, प्रामाणिकपणा चांगला पण नाटकाच्या मध्यंतरात प्रेक्षकाला विंगेत नेल्यासारखं होतं.

पुण्यात : फ्लॅटवर एकाच्या हातात कंट्रोलर आणि तिघं मागे गादीवर, 'अरे नको, खोटं बोल, खोटं बोल' चालू, म्हणजे मत द्यायची पद्धत परत किनोऑटोमॅटचीच. एकट्याने खेळणाऱ्याला हे गेम जास्त भिडतात, चौघांत मात्र दोष आधी दिसतात. पुण्यात बनलेला 'राजी' (२०२०) या संदर्भात कधी कधी घेतला जातो, गोष्ट त्यातही आहे, पण उड्या आणि त्रिशूळाची मारामारी मुख्य, त्यामुळे तो इथे धरलेला नाही.