वाताशय-विकार (शोभिवंत माशांतील)

वाताशय-विकार म्हणजे टाकीतल्या माशाचा पाण्यातला तोल जाणे. असा मासा पोट वर करून तरंगतो, एका कुशीवर कलतो, शेपटी वर आणि डोके खाली करून लटकतो, नाहीतर तळाला बसून राहतो आणि खाण्यासाठी वर येताना धडपडतो. मासे पाळणारे वाताशयाच्या इंग्रजी नावावरून ‘स्विम ब्लॅडर झाला’ असे म्हणतात, जणू हा एकच ठरलेला रोग आहे. खरे तर ताप हा जसा रोग नव्हे, तसेच हे आहे. तोल जाणे हे लक्षण, आणि त्यामागची कारणे पाचसहा तरी निघतात. पुष्कळदा वाताशय स्वतः धडधाकट असतो आणि बिघाड पोटात किंवा पाण्यात असतो. म्हणून दुकानातून निळ्या-पिवळ्या औषधाची बाटली आणून ओतण्याआधी कारण शोधणे महत्त्वाचे.

वाताशय ही माशाच्या पाठीच्या कण्याखालची हवेची पिशवी. कोकण किनाऱ्याला ती अनोळखी नाही. घोळ माशाच्या पोटातून काढून वाळवलेले ‘भोत’ म्हणजे हाच अवयव, आणि त्याला मांसापेक्षा कितीतरी जास्त भाव मिळतो. खोल पाण्यातून वर ओढलेल्या काही माशांचे जठर तोंडातून बाहेर आलेले दिसते, तेही याच पिशवीमुळे. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. मासा भरभर वर आला की आतली हवा फुगते आणि आतडी-जठर रेटते. मुशी आणि पाकट यांना वाताशय नसतो, वाढ झालेल्या लेप या चपट्या माशालाही नसतो. गोड्या पाण्यातल्या माशात मात्र या पिशवीने शरीराच्या घनफळाचा साधारण ७ ते ८ टक्के भाग व्यापलेला असतो. खारे पाणी जड, त्यामुळे समुद्री माशाचे ५ टक्क्यांच्या आसपास भागते.

उपचार समजून घ्यायचा तर दोन प्रकार ध्यानात ठेवावेत. गोल्डफिश, कोई, रोहू, कटला यांच्यात वाताशय एका बारीक नळीने अन्ननलिकेला जोडलेला असतो. मासा तोंडाने हवा घेऊ शकतो आणि सोडूही शकतो. फायटर, तसेच एंजल आणि त्याच्या सिक्लिड कुळातले इतर मासे यांच्यात मोठेपणी ही नळी राहत नाही. वायू रक्तातून पिशवीत येतो आणि रक्तातच परत शोषला जातो. त्यांचा बिघाड सावकाश होतो आणि सावकाशच निवळतो. यांपैकी अनेक जातींच्या पिल्लांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पृष्ठभागावर येऊन एकदा हवा गिळावी लागते. पाण्यावर तेलकट साय असेल तर ती हवा मिळत नाही आणि पिल्लू जन्मभर तळाशी घसरत राहते. त्यावर नंतर इलाज नाही. साय आधीच काढायला हवी.

सर्वांत जास्त त्रास ओरांडा, रायुकिन अशा गोल पोटाच्या गोल्डफिशना होतो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांचे शरीर आखूड केले, पण आतडी तेवढीच राहिली. वाताशयाचा मागचा कप्पाही अनेकांत खुरटलेला असतो. त्यात सकाळ-संध्याकाळ मूठभर तरंगते दाणे. कोरडा दाणा पोटात जाऊन फुगतो, मासा दाण्याबरोबर हवाही गिळतो, आतडे तुंबते आणि वाताशयाला जागा उरत नाही. शेपटीमागे लोंबणारी लांब, पांढुरकी विष्ठा ही याची खूण. बाकीची कारणे म्हणजे जिवाणूंचा संसर्ग, पोटात अडकलेली अंडी, मूत्रपिंडाची सूज, गाठ, पडल्या-आपटल्याची इजा. खवले फणसाच्या काट्यांसारखे उभे राहिले असतील तर तो जलोदर आहे, साधे पोट तुंबणे नव्हे. आणि टाकीतले सगळेच मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यात प्राणवायू कमी पडला आहे. तिथे वाताशयाचा विचारही करू नये.

पाण्याच्या बाबतीत कोकणचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सहसा कोणी सांगत नाही. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी मऊ आणि किंचित आम्लधर्मी असते. आम्लता थोपवून धरणारे क्षार त्यात कमी, त्यामुळे टाकी जुनी होत जाते तसा सामू (पीएच) घसरतो, गाळणीतले अमोनिया पचवणारे जिवाणू मंदावतात आणि विषारी अमोनिया साचतो. पावसाळ्यात तासन्‌तास वीज गेली की गाळणी आणि हवेचा पंप बंद, म्हणजे हेच संकट एका रात्रीत. शिवाय पावसाळ्यात गावच्या विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकतात. ते पाणी तसेच टाकीत गेले तर कल्ले भाजतात. विहिरीचे पाणी उघड्या बादलीत हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) सोडून दिवसभर ठेवावे, नाहीतर क्लोरीन मारणारे थेंब घालावेत. सामू सावरायला उकळून स्वच्छ केलेले कालवांचे शिंपले जाळीच्या पिशवीत घालून गाळणीत ठेवावेत. किनाऱ्यावर याहून स्वस्त आणि खात्रीचा उपाय नाही.

उपचाराची सुरुवातही पाण्यापासूनच करावी. अमोनिया आणि त्यापासून बनणारे नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. ते मोजता येत नसतील तर पाणी बिघडले आहे असेच धरून, त्याच तापमानाच्या मुरवलेल्या पाण्याने चौथा हिस्सा बदलावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बदलावा. मग दोन ते तीन दिवस खाणे पूर्ण बंद. धडधाकट वाढीचा मासा एवढ्या उपासाने मरत नाही, हे घरातल्या आजी-आजोबांना मुद्दाम सांगावे लागते, कारण ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून चिमूटभर दाणे टाकणारा हात बहुधा त्यांचाच असतो. उपासानंतर गोल्डफिशला उकडून साल काढलेल्या मटाराचा तुकडा देतात. मटार औषध नव्हे. त्याचा उपयोग झाला तर तो मऊ आणि बुडणारा असल्याने. फायटर मांसाहारी आहे, त्याला मटार न देता डॅफ्निया (पाणपिसू) द्यावा. गटारातून आलेले जिवंत ट्युबिफेक्स किडे आजारी माशाला देऊ नयेत, त्यातून संसर्ग येतो.

‘पाणी गरम करा’ हा सल्ला थंड देशांतून आलेला आहे. थंडीत पचन मंदावते हे खरे, पण मे महिन्यात किनाऱ्यावरच्या घरात टाकीचे पाणी तसेच ३० अंशांच्या आसपास असते. तिथे हीटर लावला तर असलेला प्राणवायूही घटेल. फायटरला मुसळधार पावसाच्या दिवसांत २६-२७ अंश राखावेत, गोल्डफिशला हीटर नको.

उपासाने सुटले नाही तर एप्सम मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते मेडिकलमध्ये मिळते. माशाला वेगळ्या भांड्यात घेऊन २० लिटरमागे चहाचा एक चमचा, आधी विरघळवून, थोडे थोडे करत घालावे. याने आतडे सुटते आणि सूज उतरते. मिठागरातले खडेमीठ किंवा स्वयंपाकाचे मीठ हे काम करत नाही. दोन्ही पांढरे म्हणून घोटाळा होतो.

मासा बुडून बसत असेल तर पाणी १५-२० सेंटिमीटरवर आणावे, तळातले टोकदार खडे काढावेत आणि घास चिमट्याने तोंडाशी न्यावा. तरंगणाऱ्याची पाण्याबाहेर राहिलेली कातडी सुकून जखम होते, म्हणून झाकण ठेवून वरची हवा दमट राखावी. संसर्गाचा संशय आला तरी प्रतिजैविक अंदाजाने पाण्यात ओतू नये. ते गाळणीतले जिवाणू मारते आणि अमोनिया पुन्हा वाढतो. पशुवैद्य क्ष-किरण चित्रावरून पिशवी फुगली आहे, सरकली आहे की तिच्यात पाणी आहे हे सांगू शकतो, आणि गरज पडल्यास सुईने हवा काढतो. घरी सुई लावू नये. रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे. तालुक्याला माशांचा जाणकार सापडला नाही तर तिथे विचारणे योग्य.

जन्मजात व्यंग बरे होत नाही. तरीही कललेला गोल्डफिश खातो-पितो, हाताची सावली ओळखून पुढे येतो आणि नीट काळजी घेतली तर अनेक वर्षे जगतो. त्याला उथळ टाकी, संथ प्रवाह आणि बुडणारे खाद्य द्यावे, सोबतीला चपळ मासे ठेवू नयेत, आणि त्याची पिल्ले काढू नयेत.