अळी पाळल्याशिवाय ओळख न देणारे चपळ

गणपतीच्या सुमाराला खानापूर-जांबोटीकडच्या भातशिवारात बांधावरून चालताना पायाजवळून एक तपकिरी ठिपका उडतो, दोन हात पुढे पातीवर टेकतो आणि नजर स्थिरावायच्या आत नाहीसा होतो. पाहणारा त्याला पतंग समजून पुढे जातो. ते फुलपाखरूच असते. इंग्रजीत या कुळाला स्किपर म्हणतात, मराठीत अलीकडे ‘चपळ’.

पतंग समजणाऱ्याची चूक तशी मोठी नाही. अंग जाडजूड व केसाळ, त्या मानाने पंख तोकडे. डोके जवळजवळ छातीइतके रुंद, त्यामुळे मिशांची मुळे एकमेकींपासून लांब. आणि मिशीच्या गाठीपुढे मागे वळलेली आकडी, ही खूण सहसा चुकत नाही. गवता-भातावरचे चपळ ऊन खाताना पुढचे पंख अर्धे उभे आणि मागचे आडवे पसरून बसतात. लाल डोळ्यांच्या जाती तर दिवेलागणीला उडतात, म्हणजे गोंधळात भरच. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ लात्रेय याने १८०९ मध्ये हे कुळ मांडले. पुढे बराच काळ शास्त्रज्ञांनीही त्याला इतर फुलपाखरांच्या शेजारी वेगळे घर दिले होते. डीएनएच्या अभ्यासानंतर ते पुन्हा फुलपाखरांतच आले.

भातावर आपल्याकडे दिसणाऱ्या दोन जाती घ्या. पेलोपिडास मॅथियासला फॅब्रिशियसने १७९८ मध्ये नाव दिले, बोर्बो सिनाराला वॉलेसने १८६६ मध्ये. दोन्ही तपकिरी, दोघांच्या पुढच्या पंखांवर पांढुरके अर्धपारदर्शक ठिपके. फरक मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला: पंखाच्या मुळाकडच्या बंद कप्प्यात मॅथियासला एक ठिपका असतो, सिनाराला नसतो. मॅथियासच्या नराच्या पुढच्या पंखावर वरून एक तिरकी पांढुरकी रेघही दिसते. पण आठ-दहा दिवस उडालेल्या फुलपाखराचे खवले झडलेले असतात, तिथे ही खूण हमखास दगा देते. म्हणून पंखांवरून काढलेल्या जुन्या याद्यांवर फार भिस्त ठेवू नये.

ही अडचण सोडवण्याचे मोठे काम झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, घाट उतरून उत्तर कानड्यातल्या कारवारला. तेव्हा बेळगाव आणि उत्तर कानडा दोन्ही जिल्हे मुंबई इलाख्यात होते. म्हैसूर राज्यात ते १९५६ ला गेले. जेम्स डेव्हिडसन हा मुलकी अधिकारी, टी. आर. बेल वनखात्यातला, आणि साताऱ्यात १८५१ मध्ये जन्मलेला ई. एच. एटकन मीठ व जकात खात्यातला. या तिघांनी जाळ्यापेक्षा अळ्यांवर भर दिला: पानासकट अळी घरी आणायची, वाढवायची, कोषातून काय निघते ते पाहायचे. उत्तर कानड्याच्या फुलपाखरांवरची त्यांची लेखमाला १८९६ पासून मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात आली. बेलने मैदानी प्रदेशातल्या फुलपाखरांवरची मालिका १९०९ पासून १९२७ पर्यंत चालवली आणि १९४८ मध्ये वारला. पुढे चपळांचा अभ्यासक इव्हान्सने १९४९ च्या सूचीत नराच्या जननेंद्रियांवरून जाती वेगळ्या केल्या. ती रीत अचूक खरी, पण त्यासाठी फुलपाखरू मारावे लागते. बांधावरच्या माणसाला बेलचीच वाट सोयीची.

अळीची पहिली खूण म्हणजे मान: मोठे डोके, त्यामागे अरुंद गळा, मग फुगीर अंग. पानाच्या कडा रेशमाने शिवून ती आत राहते आणि विष्ठा झटक्याने लांब उडवते, कारण घराजवळ साठलेल्या विष्ठेच्या वासाने गांधीलमाश्या येतात. भातावरची अळी हिरवी, कडेकडून पान कुरतडत मधल्या शिरेपर्यंत जाणारी. इथेच शेतात घोळ होतो. पाने गुंडाळणारी अळी हिरवा भाग आतून खरवडते, म्हणून पानावर लांब पांढरे पट्टे पडतात. सुरळीतली अळी पानाचा तुकडा कापून त्याची नळी अंगावर घेऊन फिरते. चपळाचे खाल्लेले पान कडेने खाचलेले दिसते. त्याच्यासाठी औषध मारायची वेळ क्वचितच येते. मात्र युरिया जास्त पडलेल्या गर्द हिरव्या खाचरात अळ्या वाढतात, आणि उगाच फवारणी केली की त्यांना मारणाऱ्या परजीवी माश्या व कोळी आधी मरतात.

चिकोडी-रायबागकडच्या हळदीत वेगळा चपळ भेटतो, उडास्पेस फोलस. तपकिरी रंगावर मागच्या पंखात मोठा पांढरा डाग, त्यामुळे हा उडतानाही कळतो. अळी गुळगुळीत हिरवी, काळ्या डोक्याची; पानाची सुरळी करून राहते, आल्यावरही चालते. थोड्या झाडांवर असेल तर सुरळ्या हाताने दाबणे पुरते. नारळावर गंगारा थिरसिस: पंख पसरून ७ सेंटीमीटरच्या पुढे जाणारा, लाल डोळ्यांचा. त्याची अळी पांढऱ्या मेणाच्या तंतूंनी झाकलेली असते, आणि कोष हलवला तर आतून खडखड ऐकू येते. बांबूवर मटापा आरिया, तोही लाल डोळ्यांचा.

अळी पाळायची तर रुंद तोंडाची बरणी घ्यावी, तोंडाला झाकणाऐवजी मलमल बांधावी. घट्ट झाकणात काचेवर पाणी साचते आणि बुरशीने अळी मरते. भाताचे चूड किंवा हळदीचे पान देठाला ओला कापूस गुंडाळून ठेवावे, रोज बदलावे. सुरळी उलगडून अळी बाहेर काढू नये. जुन्या पानाचा तुकडा तसाच नव्या पानावर ठेवला की ती आपसूक सरकते. भातावरच्या अळीला सुमारे २० दिवस, कोषाला ८-१० दिवस लागतात. अळीशेजारी पांढऱ्या बारीक कोशांचा पुंजका दिसला तर फुलपाखराची वाट पाहू नये: त्यातून गांधीलमाशीच्या जातीच्या चिमुकल्या परजीवी माश्या निघतील. त्यांना खाचराजवळ नेऊन सोडावे.