एम.ए. मानसशास्त्राचे संशोधन प्रकल्प आणि नैतिक मंजुरीचा प्रश्न

महाराष्ट्रात मे 2023 मध्ये ठरलेल्या आराखड्यानुसार पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या तिसऱ्या सत्राला 4 आणि चौथ्या सत्राला 6 श्रेयांकांचा (क्रेडिट) संशोधन प्रकल्प आला. पूर्वी अनेक ठिकाणी लघुप्रबंध ऐच्छिक होता. आता एम.ए. मानसशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाचा प्रत्येक विद्यार्थी ताण, झोप, मोबाइलचा वापर, एकटेपणा, जीवनसमाधान अशा एखाद्या विषयावर माणसांकडून माहिती गोळा करतो. ती गोळा करण्याआधी नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात भाग घेणाऱ्यांच्या हिताची आधी तपासणी करणाऱ्या समितीची, मंजुरी लागते का, या प्रश्नावर विभागाविभागांत एकवाक्यता नाही.

भारतात मानसशास्त्राचा पहिला विद्यापीठीय विभाग विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कलकत्त्यात सुरू झाला आणि पुढे कित्येक वर्षे विद्यार्थ्यांचे काम स्मरण, अवधान, प्रतिक्रियाकाल अशा प्रयोगशाळेतल्या विषयांभोवती फिरत राहिले. रुग्णांशी संबंधित प्रशिक्षण 1955 पासून बेंगळुरूत आकाराला आले, परंतु तिथे संशोधक रुग्णालयाच्या आवारात आणि तज्ज्ञांच्या देखरेखीखाली असे. आरोग्य आणि वर्तन यांचा संबंध हा सर्वसाधारण पदव्युत्तर विभागांचा विषय झाला तो बराच नंतर. आजाराकडे जैविक, मानसिक आणि सामाजिक अशा तिन्ही अंगांनी पाहण्याची मांडणी 1977 मध्ये अमेरिकेत झाली, पुढच्याच वर्षी तिथल्या व्यावसायिक संघटनेत आरोग्य मानसशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली, आणि त्यानंतरच्या अडीच दशकांत छोट्या, मोजायला सोप्या मापन्या, म्हणजे उत्तरांना गुण देणाऱ्या ठरावीक प्रश्नावल्या, तयार होत गेल्या. जाणवणाऱ्या ताणाची मापनी 1983 ची, मानसिक स्वास्थ्याची सहा अंगे मोजणारी 1989 ची, नैराश्याची नऊ प्रश्नांची 2001 ची. या मापन्यांमुळे विद्यार्थी प्रयोगशाळेतून बाहेर पडून थेट वर्गात आणि वस्तीत पोहोचला. करोनाकाळात कागदी प्रश्नावलीही मागे पडली आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरणारा गूगल फॉर्म रूढ झाला.

माणसांवरील संशोधनाची देशपातळीवरील नैतिक तत्त्वे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडून (आयसीएमआर) 1980 मध्ये प्रथम आली, नंतर 2000, 2006 आणि 2017 मध्ये ती सुधारली गेली. 2017 च्या आवृत्तीत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनासाठी स्वतंत्र विभाग आहे. खरा पेच मात्र केंद्र सरकारच्या 2019 च्या औषधचाचणीविषयक नियमांनी निर्माण केला. हे नियम मुख्यतः नवी औषधे आणि त्यांच्या चाचण्या यांच्यासाठी आहेत, तरी त्यांच्या एका प्रकरणानुसार जैववैद्यकीय आणि आरोग्य संशोधन करणाऱ्या प्रत्येक संस्थेला नोंदणीकृत नैतिकता समिती असणे बंधनकारक आहे. अशा संशोधनाच्या व्याख्येत केवळ शारीरिक नव्हे, तर सामाजिक-वर्तनविषयक आजार आणि अवस्थाही येतात. या व्याख्येवरून दोन मते पडली. एका मताप्रमाणे नैराश्याची किंवा चिंतेची मापनी वापरणारा कोणताही प्रकल्प तिच्यात बसतो. दुसरे मत असे की, संशोधनाचा प्राथमिक हेतू आजाराविषयीचे ज्ञान वाढवणे हा असायला हवा. कला महाविद्यालयात ताण आणि गुण यांचा सहसंबंध काढणाऱ्या विद्यार्थ्याचा तो हेतू नसतो, म्हणून मार्गदर्शकाची सही पुरेशी आहे.

दुसऱ्या मतामागे व्यवहारातली अडचण आहे आणि ती खोटी नाही. समितीत 7 ते 15 सदस्य लागतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. वैद्यकीय तज्ज्ञ, कायद्याचा जाणकार आणि सामान्य नागरिकही हवा. तालुक्याच्या गावी दोन प्राध्यापकांवर चालणाऱ्या विभागाने ही जुळवाजुळव कशी करायची? तरीही हेतू शैक्षणिक आहे म्हणून उत्तर देणाऱ्याची जोखीम कमी होते, हा युक्तिवाद प्रस्तुत लेखकाला पटत नाही.

नैराश्याच्या त्या नऊ प्रश्नांच्या मापनीतला शेवटचा प्रश्न पाहावा. मागच्या दोन आठवड्यांत आपण मेलेलो बरे किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले, असे तिथे विचारले जाते, आणि ‘जवळजवळ दररोज’ या उत्तराला 3 गुण मिळतात. विद्यार्थी एक्सेलमध्ये नऊ उत्तरांची बेरीज करतो, सरासरी काढतो, सहसंबंधाचा तक्ता लावतो. ते 3 गुण बेरजेत मिसळून जातात. फॉर्म निनावी असेल, तर उत्तर देणाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गही उरत नाही. नाव विचारले असेल, तर ते उत्तर वर्गमित्राच्या लॅपटॉपवर पडून राहते. ऑक्टोबर 2022 पासून 14416 ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी उपलब्ध आहे आणि तिचा क्रमांक फॉर्मखाली देणे ही अगदी किमान तरतूद आहे. हा प्रश्न कोणी, कोणाला आणि कोणत्या तयारीने विचारावा, हे आधी ठरवण्यासाठीच समिती असते.

नमुना, म्हणजे माहिती ज्यांच्याकडून घ्यायची ती माणसे, निवडण्याचे गणितही यात येते. सर्वांत सहज मिळणारा नमुना म्हणजे त्याच महाविद्यालयातली अकरावी-बारावीची किंवा प्रथम वर्षाची मुले. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती आणि मुलांची स्वतःची अनुमती, दोन्ही आवश्यक आहेत. शिवाय 2017 ची तत्त्वे विद्यार्थ्यांना अधिकाराच्या उतरंडीतला असुरक्षित गट मानतात. शिक्षक वर्गात उभे असताना वाटलेला फॉर्म नाकारणे किती जणांना जमते?

मधल्या काळात समितीच्या मंजुरीचा क्रमांक मागितला जाऊ लागला तो मुख्यतः शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकांमुळे. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी शोधनिबंध छापून येण्याची अट 2009 पासून होती, त्यामुळे निदान संशोधक विद्यार्थ्यांना समितीकडे जावे लागे. नोव्हेंबर 2022 मध्ये ती अट गेली. निकृष्ट नियतकालिकांचे पेव पाहता तो निर्णय समजण्यासारखा होता, पण एक अप्रत्यक्ष वचकही त्यासोबत गेला, आणि पुढच्याच वर्षी एम.ए.चे प्रकल्प सक्तीचे झाले.

स्वतःची समिती नसलेल्या संस्थेला करार करून दुसऱ्या संस्थेच्या समितीकडे प्रकल्प पाठवण्याची मुभा 2017 च्या तत्त्वांनी दिली आहे. मात्र तिसरे सत्र पावसाळ्यात सुरू होते आणि त्या एका सत्रातच विषय, मापनी आणि आराखडा पक्का करावा लागतो. दुसऱ्या संस्थेच्या समितीची बैठक त्या वेळापत्रकात बसवायची, तर विषयनिवड दुसऱ्या सत्राच्या अखेरीस व्हायला हवी, आणि ते सत्र सध्या 4 श्रेयांकांच्या कार्यप्रशिक्षणाने (ऑन जॉब ट्रेनिंग) किंवा क्षेत्रीय प्रकल्पाने व्यापलेले आहे.