शिक्षेचा वटाव

एसटी स्टँडच्या भिंतीवर किंवा लोकलच्या डब्यात ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात आपण सर्वांनी वाचलेली आहे. त्या चूर्णात काही अर्थ नाही, हे शिकलेल्या माणसाला पटवून द्यावे लागत नाही. मात्र तोच माणूस अमली पदार्थांची बातमी वाचली की ‘दहा वर्षे आत टाका, नशा आपोआप उतरेल’ असे चूर्णाइतकेच बिनपुराव्याचे औषध निःशंकपणे सुचवतो. शिक्षा जितकी मोठी तितका धाक मोठा, हे गृहीतक व्यसनी मेंदूच्या बाबतीत का फसते, हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील ‘ड्रग कोर्ट’ हा प्रयोग फार उपयोगी आहे.

कोकेनच्या खटल्यांनी न्यायालये आणि तुरुंग तुंबले, तेव्हा १९८९ मध्ये फ्लोरिडा राज्यातील मायामी येथे असे पहिले न्यायालय सुरू झाले. आज त्या देशात त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक आहे. आरोपीने तुरुंगाऐवजी साधारण वर्ष-दीड वर्षाचा उपचार पत्करायचा, आठवड्यातून निदान दोनदा, आधी न कळवता मागितलेला लघवीचा नमुना द्यायचा आणि सुरुवातीला दर पंधरवड्याला त्याच न्यायाधीशांपुढे उभे राहायचे, अशी ही व्यवस्था आहे. नमुने स्वच्छ निघाले तर भर कोर्टात टाळ्या वाजतात. नशा आढळली तर दिवसभर ज्युरीच्या बाकावर बसून इतरांच्या सुनावण्या ऐकण्यापासून दोन-तीन रात्रींच्या कोठडीपर्यंत काहीही वाट्याला येते, पण ते लगेच येते. या ‘लगेच’मध्येच सारी मेख आहे.

मुदतीची हुंडी आधीच वटवली तर व्यापारी वटाव, म्हणजे रकमेतला काही भाग, कापून घेतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मेंदूही उशिरा मिळणाऱ्या सुखाला आणि उशिरा येणाऱ्या दुःखाला असाच वटाव लावतो. प्रयोगांतून दिसलेले सूत्र सोपे आहे: आजची किंमत = मूळ किंमत ÷ (१ + क × दिवस). यातील ‘क’ म्हणजे त्या माणसाचा उतावळेपणा. हेरॉइनच्या आहारी गेलेल्यांमध्ये तो इतरांपेक्षा बराच जास्त असतो, असे १९९० च्या दशकापासूनच्या अभ्यासांत आढळले आहे.

केवळ उदाहरणादाखल आकडे घेऊ. आत्ता मिळणाऱ्या नशेचे मोल ३० आणि शिक्षेचा त्रास १०० धरू. ‘क’ ०.०१ असलेल्या माणसाला सहा महिन्यांनी, म्हणजे १८० दिवसांनी होणारी शिक्षा आज सुमारे ३६ वाटते, म्हणून तो सावरतो. ‘क’ ०.१ असलेल्या व्यसनी माणसाला तीच शिक्षा ५ वाटते, म्हणजे ३० पुढे काहीच नाही. ती दुप्पट केली तरी १०-११ च्या पुढे जात नाही. शिक्षा तेवढीच ठेवून ती सातव्या दिवशी आणली, तर मात्र तिचे वजन ५९ होते. आता एक पायरी आणखी. पकडले जाण्याची शक्यता निम्मीच असेल, तर ५९ चे २९ होतात आणि नशा पुन्हा एका गुणाने जिंकते. कोकेनचे अवशेष लघवीत साधारण दोन ते चार दिवसच सापडतात, त्यामुळे आठवड्यातून दोन नमुन्यांचा आग्रह हा छळ नसून गणित आहे.

मग या लोकांचे पुढे होते काय? येथे आकड्यांकडे जपून पाहावे लागते. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांचाच निकाल सांगणे म्हणजे क्लासच्या जाहिरातीत फक्त गुणवंतांचे फोटो छापणे होय. सुरुवात करणाऱ्यांपैकी ढोबळमानाने निम्मेच शेवटपर्यंत टिकतात, आणि गळालेल्यांना अनेक ठिकाणी आधीच दिलेल्या गुन्ह्याच्या कबुलीवर शिक्षा भोगावी लागते. म्हणून अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातला अभ्यास मोलाचा वाटतो. तेथे २३५ जणांची वाटणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणाची निवड न करता झाली. दोन वर्षांत ड्रग कोर्टच्या गटातील ६६ टक्के, तर नेहमीच्या न्यायालयात गेलेल्यांपैकी ८१ टक्के लोकांना पुन्हा अटक झाली. फरक खरा आहे, पण चमत्कार नाही. २०१२ मध्ये दीडशेवर मूल्यमापने एकत्र तपासली गेली, तेव्हा पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे प्रमाण अंदाजे ५० वरून ३८ टक्क्यांवर आलेले दिसले.

माझ्या आवडत्या सूत्राने सारे उलगडते, असेही नाही. केवळ झटपट आणि खात्रीच्या शिक्षेवर उभा असलेला अमेरिकेच्या हवाई राज्यातील प्रयोग गाजला, परंतु अन्य चार ठिकाणी तो करून पाहिल्यावर २०१६ मध्ये फरक जवळजवळ शून्य निघाला. उलट २३ ड्रग कोर्टांच्या २०११ मधील अभ्यासात, न्यायाधीश आपल्याशी न्यायाने आणि आदराने वागतात असे वाटणाऱ्यांची प्रगती अधिक चांगली आढळली. दुसरीकडे, हेरॉइनची ओढ कमी करणारी मेथाडोनसारखी सिद्ध औषधेच कित्येक न्यायाधीश बंद करायला लावत, हा या व्यवस्थेचा मोठा दोष होता. २०१५ पासून अमेरिकी केंद्र सरकारच्या अनुदानाला त्याविरुद्ध अट घालावी लागली.

आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचे कलम ३९ व्यसनी आरोपीला काही गुन्ह्यांत शिक्षेऐवजी उपचारासाठी सोडण्याची मुभा न्यायालयाला देते. उपचाराचा अहवाल घेऊन न्यायालयापुढे येण्यासाठी त्यात एक वर्षापर्यंतची मुदत आहे. ‘क’ ०.१ असलेल्या माणसाच्या हिशेबात वर्षभराने येणाऱ्या १०० ची आजची किंमत ३ हून कमी भरते.