१२५ वरून १३: मोरोक्कोचं सिंहासन आणि तिथले इस्लामवादी

१९७४ साली मोरोक्कोच्या शिक्षण खात्यातल्या अब्देस्सलाम यासीन नावाच्या अधिकाऱ्याने राजे हसन दुसरे यांना शंभरावर पानांचं पत्र लिहिलं. शीर्षक होतं ‘इस्लाम किंवा जलप्रलय’. राजाने पश्चात्ताप करावा, असं त्यात थेट सुनावलं होतं. यासीन यांना खटला न चालवता साडेतीन वर्षं डांबलं गेलं, आणि त्यातला काही काळ तर मनोरुग्णालयात.

एक पत्र एवढं का झोंबावं? मोरोक्कोचा राजा हा राज्यप्रमुख तर असतोच, पण राज्यघटनेनुसार तो ‘अमीर अल-मोमिनीन’, म्हणजे श्रद्धावंतांचा नायकही असतो. सतराव्या शतकापासून गादीवर असलेलं अलवी घराणं स्वतःला पैगंबरांचे वंशज म्हणवतं. शेजारच्या देशांतले लष्करशहा इस्लामवाद्यांना ‘धर्मवेडे’ म्हणून मोकळे होत. इथे राजा म्हणतो, धर्म हे माझंच खातं आहे. यासीन यांनी नेमका या खात्यावरचा हक्कच अमान्य केला होता. त्यांची ‘अल-अद्ल वल-इहसान’ ही संघटना अजूनही निवडणुकीच्या बाहेर आहे.

ज्यांनी हा हक्क मान्य केला, त्यांच्यासाठी मात्र दार किलकिलं झालं. राजवाड्याच्या विश्वासातले डॉ. अब्देलकरीम खतीब यांच्या जुन्या, मरगळलेल्या पक्षात काही इस्लामवादी शिरले आणि १९९८मध्ये त्या पक्षाचं नाव ‘न्याय आणि विकास पक्ष’ झालं. राज्यशास्त्रात एक गृहीतक आहे: कडव्या गटांना व्यवस्थेत सामावून घेतलं की ते मवाळ होतात. या पक्षाकडे पाहिलं तर ते खरं वाटतं. मार्च २०००मध्ये स्त्रियांच्या हक्कांसाठीच्या कुटुंब कायद्यातील सुधारणांविरुद्ध कासाब्लांकात मोठा मोर्चा काढणाऱ्यांत ही मंडळी होती. २००३मध्ये त्याच शहरात बॉम्बस्फोट झाले, सगळे इस्लामवादी संशयाच्या फेऱ्यात आले आणि राजे मोहम्मद सहावे यांनी सुधारणा धर्माच्याच भाषेत मांडल्या. पक्षाने संसदेत मुकाट्याने बाजूने मत दिलं. माझ्या मते हा मवाळपणा कमी आणि जीव वाचवण्याची धडपड जास्त होती.

२०११मध्ये अरब जगतातल्या उठावांचं लोण मोरोक्कोतही आलं. राजाने काही आठवड्यांत नव्या राज्यघटनेची घोषणा केली: यापुढे पंतप्रधान सर्वांत मोठ्या पक्षातलाच. रस्त्यावरच्या आंदोलनापेक्षा ‘न्याय आणि विकास’ परवडला, दगडापेक्षा वीट मऊ! पक्षाने ३९५पैकी १०७ जागा मिळवल्या आणि त्याचे नेते अब्देलिलाह बेनकिरान पंतप्रधान झाले. लष्कर, परराष्ट्र धोरण आणि धर्मखातं मात्र राजवाड्याकडेच राहिलं. पेट्रोल-डिझेलवरचं अनुदान काढणं, निवृत्तिवेतनाला कात्री लावणं असली लोकांचे शिव्याशाप घेणारी कामं सरकारच्या वाट्याला आली.

तरीही २०१६मध्ये पक्षाने १२५ जागा जिंकल्या. मग आघाडीची बोलणी पाच महिने अडली आणि राजाने बेनकिरान यांना बाजूला सारून त्याच पक्षाच्या सादेद्दीन ओथमानी यांना नेमलं. (हे पेशाने मनोविकारतज्ज्ञ. यासीन यांची कथा आठवली की हा योगायोग बोचतो.) डिसेंबर २०२०मध्ये इस्राएलशी संबंध सुरू करण्याच्या घोषणेवर राजासमोर सही केली ती याच ओथमानींनी. आयुष्यभर पॅलेस्टाइनच्या घोषणा दिलेल्या कार्यकर्त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नाही.

२०२१च्या निवडणुकीआधी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. मोरोक्कोत मतदारसंघात अनेक जागा असतात आणि त्या ‘कोट्या’नुसार, म्हणजे एका जागेसाठी ठरलेल्या मतांच्या आकड्यानुसार, वाटल्या जातात. समजा, एका मतदारसंघात ४ जागा आहेत, नोंदणीकृत मतदार १,६०,००० आणि वैध मतं ८०,०००. अ पक्षाला ३६,०००, बला १८,०००, कला १४,००० आणि डला १२,००० मतं पडली. जुन्या नियमाने कोटा वैध मतांवर निघे: ८०,००० भागिले ४, म्हणजे २०,०००. अ एक कोटा पूर्ण करतो, हाती उरतात १६,०००. बाकीच्या तीन जागा उरलेल्या मतांच्या उतरत्या क्रमाने ब, अ आणि क यांना जातात. अच्या पदरात दोन जागा. नव्या नियमाने भागायचं नोंदणीकृत मतदारांना, घरी बसलेल्यांसकट! कोटा झाला ४०,०००. तो कुणीच गाठत नाही, म्हणून चौघांना एकेक जागा. ३६,००० मतांची किंमत १२,००० मतांएवढीच.

हा नियम मोठ्या पक्षाचे पंख छाटतो हे उघड आहे, आणि तेव्हा मोठा पक्ष कोण होता हेही. पण १२५ वरून १३ जागांवर आपटी बसली ती या गणितामुळे नव्हे. मतंच आटली होती, आणि लहान झालेल्या पक्षाला असा नियम उलट थोडा आधारच देतो. खुद्द ओथमानी रबातमध्ये पडले.

त्यानंतर बेनकिरान पुन्हा पक्षप्रमुख झाले. मार्च २०२३मध्ये पक्षाने परराष्ट्रमंत्र्यांच्या इस्राएलधार्जिण्या भूमिकेवर टीका केली, तेव्हा राजदरबाराने जाहीर निवेदन काढून कानउघाडणी केली: परराष्ट्र धोरण हा राजाचा अधिकार आहे, त्यात पक्षीय राजकारण आणू नये. अवघ्या १३ खासदारांच्या पक्षाची राजवाड्याने एवढी दखल घेतली.